पोटातल्याचा घास

समीक्षाचं पहिलं बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासरच्यांनी तिला तळहातावरच झेललं म्हणा ना. गाव दारव्ह्याजवळचं. घरी कपाशी-सोयाबीनची शेती, आणि नवरा पिंटू दारव्ह्याच्या रोडवर काळीपिवळी जीप चालवायचा. सासू विमलताईंनी ओसरीत बाज टाकून दिली. घागर उचलायची नाही, वाकायचं नाही, उंबऱ्याबाहेर जायचं नाही. सकाळी तुपातला शिरा, दुपारी पोळीवर साखर, संध्याकाळी लाडू. "दोघांचं खा लागते वो," असं म्हणत विमलताई ताट भरायच्या आणि ते रिकामं होईस्तोवर समोरून हलायच्या नाहीत.

समीक्षा मूळची मुकुटबनची. शाळेत असताना खो-खोत तिला गाठणं कोणाला जमत नसे. आई लहानपणीच गेली, घरी एकटे वडील, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. बाजेवर पडल्या पडल्या तिचे पाय सुजले, चेहरा फुगला, दोन जिने चढावेत तशी धाप बसल्या जागी लागू लागली. पण ती बोलली नाही. पहिल्या वेळी ती पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण निंदायला गेली होती आणि ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

पाचवा महिना सरता सरता यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला गोड पाणी प्यायला लावून रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली.

"कोणी सांगितलं हिला झोपवून ठेवायला?" डॉक्टरीणबाईंनी पिंटूला विचारलं.

"तेव्हा आराम करा म्हणून सांगतलं होतं न मॅडम."

"ते पहिल्या काही आठवड्यांपुरतं. आता सगळं व्यवस्थित आहे. तिला चालू द्या. जेवणानंतर तर नक्कीच. साखर, शिरा, लाडू बंद. भाकर, उसळ, पालेभाजी, अंडी. नाहीतर बाळ पोटात फार वाढेल, बाळंतपण अवघड जाईल, आणि जन्मल्यावर बाळालाच त्रास होईल." नर्सनं तिला बसून करायचे, उभ्यानं करायचे दोन-चार साधे व्यायामही दाखवले. निघताना डॉक्टरीणबाई समीक्षाकडे वळून म्हणाल्या, "बाळंतपणानंतर दीड महिन्यानं पुन्हा तपासायला यायचं. ही साखर जाते, पण परत यायची वाट शोधत असते. तुझं खाणं-चालणं पुढेही असंच ठेवावं लागेल."

घरी आल्यावर पिंटूनं त्यातलं बाळाचं तेवढं सांगितलं.

विमलताईंना ते पटेना. "आम्ही काय यवतमाळले जाऊन लेकरं काढले का? पोटुशीले कोणी रोडनं फिरवते का?" पण सासरे बापूजी, जे एरवी सुनेच्या गोष्टीत कधी तोंड घालत नसत, ते ओसरीतून म्हणाले, "नातवाले त्रास होईन म्हणते न डाक्टर? मंग चालू द्या तिले. काय पाह्यजे ते आणा."

बापूजींचा शब्द पडला आणि घर फिरलं. दुसऱ्या दिवशी बाज मागे गेली. पिंटू रोज जीप घेऊन परतताना पालक, मेथी, काकडी आणू लागला. विमलताईंच्या चुलीवर अंडं चढत नसे, तर त्यांनी गोठ्याच्या भिंतीला तीन विटा मांडल्या, एक वेगळं पातेलं काढलं आणि तिथं स्वतः पदर नाकाला लावून अंडी उकडून द्यायला लागल्या. "खाय वो बापा लवकर, वास येऊन राह्यला," म्हणायच्या, पण द्यायच्या.

आणि चालायला विमलताईच सोबत यायच्या. सून एकटी रोडनं दिसली तर लोक काय म्हणतील, हे एक. ती पडली-झडली तर, हे दुसरं. उन्हाळ्याचे दिवस. म्हणून पहाटे फटफटलं की निघायचं, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा. नहरापर्यंत, म्हणजे कालव्यापर्यंत जायचं, पुलाच्या कठड्याला टेकायचं, परत यायचं. पहिल्या दिवशी समीक्षाला पुलापर्यंतही पोचता आलं नाही. कमरेत कळ आली, ती शेताच्या धुऱ्यावर बसली आणि तिला रडू फुटलं. ज्या पायांनी आपण मैदान कापत होतो ते हेच का, असं तिला वाटलं. विमलताई तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "होते होते. उद्या थोडं पुढं जाऊ."

आणि झालंही तसंच. काही आठवड्यांत पायांची सूज उतरली. धाप गेली. मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ ताक, या साध्या जेवणानं तिला हुशारी वाटू लागली. पोट वाढत होतं, पण ती स्वतः हलकी होत होती. ओसरीत भिंतीला हात लावून ती नर्सनं दाखवलेल्या उठाबशा काढायची तेव्हा मांड्यांत जुनी ताकद जागी झाल्यासारखी वाटायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. या घरात गरम भाकर पहिल्यांदा तिच्या ताटात पडत होती.

एकदा नहराच्या पुलावर विमलताई पायाची पोटरी दाबत म्हणाल्या, "पिंटूच्या वक्ती मी शेवटच्या दिवसापर्यंत कापूस वेचला. सगळ्याइचं जेवण झालं की टोपल्यात असन ते खायचं. कधी नसेच. पोटात लेकरू लाथा मारे, अन् मी वरून पाणी पेऊ."

"कोणी विचारे नाही?"

"कोण विचारन वो? मले कायले विचारन?" आणि त्या उठल्या. "चाल, चाल. थांबू नको सांगतलं न डाक्टरनं."

त्या दिवशी समीक्षाला वाटलं, आई गेली ती देवानं अशी परत दिली. तिनं परतताना सासूचा हात धरला. विमलताईंनी तो सोडवून घेतला नाही.

पुढं रोडवर चिखल झाला तेव्हा ती ओसरीपासून गोठ्यापर्यंत येरझारा घालू लागली. प्रत्येक तपासणीत साखर बेतात. बाळाचं वजन बेतात. पोळ्याच्या आधी यवतमाळला तिची सुटका झाली. टाके नाहीत, सिझर नाही, तीन किलोचा मुलगा. डॉक्टरीणबाईंनी समीक्षाची पाठ थोपटली. बापूजींनी गावभर पेढे वाटले. मुलाचं नाव आयुष ठेवलं.

बाळंतिणीला म्हणून शिरा आला. डिंकाचे लाडू आले. समीक्षा म्हणाली, "आई, मले साखर सांगतली होती न."

"ते पोटुशी होती तवा. पोरासंग गेली ते. दूध कशाचं येईन मंग?"

तिनं अंडं मागितलं. दोन दिवस मिळालं. तिसऱ्या दिवशी ती मागं गोठ्यापाशी गेली तर विटा नव्हत्या. विमलताईंनी त्या न्हाणीपाशी लावल्या होत्या आणि पातेल्यात कुत्र्याला पाणी ठेवलं होतं. समीक्षा काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आता नको वो घरात ते. निभलं न आपलं."

दीड महिना झाला तेव्हा सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, ऐन भरात होती. पिंटूला तिनं यवतमाळची आठवण दिली. तो म्हणाला, "सोंगणी होऊ दे." सोंगणी झाली. मग कापूस फुटला. मग म्हणाला, "तुले काही होऊन राह्यलं का? मंग कायले जा लागते?"

भाजी आता मेथी-पालक अशी निवडून येत नव्हती. यायची ती सगळ्यांची मिळून, आणि ती समीक्षाच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर रस्साच उरायचा. भाकरी ती थापायची, वाढायची, आणि शेवटी चुलीपाशी बसून उरलेली खायची. हे कोणी ठरवलं नव्हतं. सगळं आपापल्या जागेवर परत गेलं होतं, एवढंच.

एका संध्याकाळी आयुष झोपला होता. विमलताई घरातच होत्या. समीक्षानं चपला घातल्या आणि नहराकडे निघाली. पाय आपसूक उचलले. पुलावर तिला खूप दिवसांनी मोकळा श्वास आला. परतली तर लेकरू रडत होतं आणि बापूजी ओसरीत उभे होते.

"पोट्टं रडून राह्यलं, अन् तू रोडनं हिंडून राह्यली?"

"चालाले गेलती बापूजी."

बापूजींनी तेवढ्यावरच सोडलं. बोलला तो पिंटू, जेवताना. रागानं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"आता कोणासाठी चालतं तू?"

समीक्षानं वाढायची पळी भांड्यात ठेवली. तिनं विमलताईंकडे पाहिलं. ज्यांच्यासोबत ती एवढा उन्हाळा चालली त्या एवढं तरी म्हणतील, की ती स्वतःसाठी चालते, असं तिला वाटलं. विमलताईंनी तोंडात घास घातला आणि म्हणाल्या, "मी कोणासाठी चालली होती? पिंटूले वरण दे."

त्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. आपल्या ताटात पडलेला एकही घास आपल्या नावाचा नव्हता. तो सगळा आतल्याचा होता आणि त्याला पोचवायचा रस्ता आपल्या तोंडातून जात होता. आता आतला बाहेर आला होता. रस्त्याला कोण जेवू घालतं?

त्यानंतर तिनं चालणं सोडलं. मागणंही सोडलं. दिवसभर रानात राबत होतीच, मग वेगळं कशाला चालायचं, असं बायका म्हणायच्या आणि तीही तसंच म्हणायला शिकली.

आयुष दोन वर्षांचा झाला तेव्हा कापूस वेचताना तिच्या पायाला फांदीचा खुंट लागला. जखम छोटी, पण भरेना. सारखी तहान लागायची. वेचता वेचता डोळ्यांपुढं अंधारी यायची. शेवटी कोणाला न सांगता ती दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात शिरली. साखर निघाली. या वेळी पोटात कोणी नव्हतं. साखर तिची एकटीची होती.

तिनं घरी सांगितलं. ओसरीतून आधी विमलताईंचा आवाज आला. "आयुषले त नाही न?"

दुसऱ्याच दिवशी पिंटूनं जीप रिकामी काढली आणि मुलाला यवतमाळला नेलं. सोबत समीक्षाही होती, मुलाला मांडीवर धरायला. मुलाची तपासणी झाली. काही नव्हतं. वाटेत पिंटूनं गाडी थांबवून देवळात नारळ फोडला.

घरी आल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. समीक्षा गोळी घ्यायला पाणी ओतत होती. विमलताई तिच्याजवळ आल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, "असं तोंड करू नको वो. दुसरं लेकरू राह्यलं की पुन्हा करू न आपण. अंडे देईन, चालाले येईन तुह्यासंग. माह्ये गुडघे गेले, तरी येईन."

समीक्षा म्हणाली, "दुसरं नाही होणार."

"असं कुठं असते का?" बापूजी ओसरीतून हसले. त्यांना ते रुसव्याचं बोलणं वाटलं.

आता ती पहाटे एकटीच चालते. कोणाला विचारत नाही. दोन अंडी ती दारव्ह्याहून आणते आणि रानातल्या खोपीत उकडून खाते, उभ्या उभ्या, चोरी केल्यासारखी. कधी आयुष उठतो, रडतो, घरात आरडाओरडा होतो. परतल्यावर ती ऐकून घेते. पहिल्यासारखं मोकळं काही वाटत नाही. पावलं जड असतात, पायाची जखम ओलीच आहे, आणि डॉक्टर म्हणतात की गोळी बहुतेक सुटायची नाही.

नहराकडून पाणी घेऊन येणाऱ्या बायका तिला पाहून थांबतात. त्यांना तो उन्हाळा आठवतो. हसून विचारतात, "काय वो समीक्षा, कितवा महिना?"

"कोणताच नाही," ती म्हणते.

बायकांना ते समजत नाही. त्या तिच्या पोटाकडे पाहत पुढं जातात.