चौदा वाट्या

जगातल्या सगळ्या सुखदुःखांचं मूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमध्ये आहे, असं मनापासून मानणारा आणि ते समोरच्याला पटल्याशिवाय घास न गिळणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. आमचे दाजी संगमनेरच्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन पारनेरला राहायला आले, पण निवृत्त झाली ती शाळा, दाजी नाही. अक्का सांगते, "सप्तपदीच्या पाचव्या पावलाला हे थांबले. मला वाटलं, विचार बदलला. बघते तर खाली मुंग्यांची रांग!" भटजींनी घाई केली तेव्हा नवरदेव म्हणाले होते, "जाऊ द्या हो त्यांना. त्यांच्याकडेही कार्य असेल."

दाजी कोणाच्या घरी गेले की आधी खुर्चीत बसत नाहीत. मागच्या दारी जाऊन पाण्याच्या टाकीवरचं शेवाळ बघतात, मग यजमानांना भेटतात. लग्नात आहेर देण्याआधी आचाऱ्याला गाठून जिलबीचं पीठ किती तास आंबवलंय ते विचारतात. त्यांच्या भाचीला बघायला आलेल्या मुलाला सगळ्यांनी पगार विचारला, दाजींनी विचारलं, "पोट साफ होतं का रोज?" मुलगा लाजून "हो" म्हणाला. दाजींनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला, आणि खरं सांगायचं तर तो जावई निघालाही चांगला. एकदा आईला सर्दी झाली. ती "जंतू बाधले" म्हणताच दाजी पुढे सरसावले, "जंतू नव्हेत, विषाणू. दोघांत फार फरक आहे, सासूबाई." आई म्हणाली, "असेल. नाक माझंच वाहतंय ना?" शाळेने मोडीत काढलेला एक पितळी सूक्ष्मदर्शक त्यांनी विकत घेतला आहे. तो अक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ते गावोगाव नेतात आणि पाहुण्यांना त्यांच्याच दातांवरचा मळ दाखवतात. बरेच पाहुणे त्यानंतर जेवायला थांबत नाहीत, त्यामुळे अक्काची या यंत्राबद्दल काही तक्रार नाही.

अशा माणसाला मी माझ्या अडचणीत बोलावलं नसतंच. ते आपण होऊन आले. पारनेर तालुक्यात, राळेगणच्या वाटेवरच्या आमच्या गावी माझा दह्याचा लहानसा कारखाना आहे. चौदा घरांचं दूध येतं, ते एकत्र करून दही लावतो, पाच बाया कामाला आहेत. मागच्या वर्षी काय झालं कोण जाणे, दही लागेनासं झालं. संध्याकाळी डबे उघडावेत तर आत दूध तसंच पातळ. एक दिवस झालं, दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी पारनेरच्या दुकानदारांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली. मी भांडी बदलली, विरजण बदललं, पाणीसुद्धा बदललं. मग बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. विरजण लावायचं काम सुमनबाईचं होतं. नवरा गेल्यानंतर ती नुकतीच कामाला लागली होती. "तिच्या हाताला गुन न्हाई," असं एकीने म्हटलं, दुसरीने मान हलवली, आणि लाज वाटते सांगायला, पण चौथ्या दिवशी मीही सुमनबाईला सांगून टाकलं की सोमवारपासून येऊ नकोस. ती भांडली नाही. "बरं भाऊ," एवढंच म्हणाली आणि धुतलेले डबे पुन्हा धुवायला लागली.

अक्काला फोनवर हे बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने दाजी हजर. गळ्यात पिशवी, पिशवीत लुगडं. मी म्हटलं, "दाजी, आज नको. डोकं ठिकाणावर नाही माझं." ते म्हणाले, "तुमचं डोकं राहू द्या, मेहुणे. वाट्या आहेत का घरात? सारख्या आकाराच्या, चौदा."

दूध येत होतं तसं त्यांनी प्रत्येक घरचं एकेक वाटी वेगळं काढलं, उकळलं, कोमट केलं आणि वाटीखाली नावाची चिठ्ठी ठेवली. विरजण एकाच भांड्यातलं. मी चमचा उचलला तर माझा हात धरून म्हणाले, "अंहं. विरजण सुमनबाईच लावतील." बाकीच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सुमनबाईने पदराला हात पुसले आणि चौदाही वाट्यांना विरजण लावलं. मग दाजींनी माझ्या बायकोची नवी गोधडी मागून घेतली, वाट्यांवर पांघरली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. कोणी जवळून चाललं तरी ओठांवर बोट ठेवायचे.

दुपारी दोनला गोधडी काढली. दाजींनी एकेक वाटी तिरकी केली. तेरा वाट्यांमधलं दही अंगठा रोवला तर ठसा उमटेल असं घट्ट लागलं होतं. चौदाव्या वाटीतलं दूध मात्र पाण्यासारखं हललं. खालची चिठ्ठी शेवंताबाईची होती.

"हात तोच, विरजण तेच," दाजी बायांकडे बघून म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तसं.

शेवंताबाई आमच्या गावातली सगळ्यात सरळ म्हातारी. तिला बोलावलं तर पदर सावरत आली आणि लगेच सांगून मोकळी झाली. "गाईची कास दगडावानी झाल्ती. डाक्टरनं इंजेक्शनं दिली. म्हनला, थोडं दिस दूध घालू नका. पर धार काढून वतून द्यायला जीव हुईना वो. उकळून पितात सगळे, काय हुतंय म्हनलं."

दाजी तिच्यावर ओरडले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "आजी, औषध कासेतल्या जंतूंना मारायला दिलं. ते दुधात उतरलं, आणि उकळून जात नाही. दही लावणारेही जंतूच. ते कसे वाचतील? तेच दूध थोडं थोडं माणसांच्या पोटात गेलं की पोटातले वाईट जंतू औषधाला सरावतात, मग खऱ्या दुखण्यात औषध चालत नाही. गाईच्या शेणातून ते रानातही जातं. गाय तुमची, कारखाना यांचा, पोट सगळ्यांचं. सगळं एकच आहे."

"व्हय की," शेवंताबाई म्हणाली. "मला येडीला कुनी सांगितलंच न्हाई आसं." पुढचा आठवडाभर तिने त्या गाईचं दूध घातलं नाही आणि आमचं दही पूर्वीसारखं लागू लागलं.

त्या दुपारी मात्र छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं, आणि त्यात कारखान्याचा वाटा निम्माच होता. मी सुमनबाईपुढे गेलो. सगळ्या बायांदेखत म्हटलं, "चुकलो मी. सोमवारी ये. रोज ये." ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडली. मग तोंड धुऊन आली आणि माझ्याकडे न बघता दाजींसमोर उभी राहिली.

"सर, मंग हे जंतू आपल्या पोटात बी ऱ्हात्यात का? चांगले?"

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.  "बसा," ते शेवटी म्हणाले. "उभ्याने सांगण्यासारखं नाही ते."

घरातल्या प्रत्येक कार्यात मी दाजींची नक्कल करतो. सगळे पोट धरून हसतात, दाजीसुद्धा हसतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला न विचारता हजार गोष्टी सांगितल्या. मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं.

सुमनबाई डब्याच्या झाकणावर बसून ऐकत होती, मधूनच "आन् मंग?" म्हणत होती. दाजींचा चहा निवत चालला होता. चारची पारनेर गाडी फाट्यावर हॉर्न वाजवत थांबली आणि निघून गेली. दाजींना ती ऐकू आली नाही. मला आली होती. पायरीवर जागा होती, तिथे जाऊन मीही ऐकत बसलो.