काम करा की, पावणं!

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण 'आधी माझा विश्वास नव्हता' म्हणून सुरुवात करतो. माझा अजूनही नाहीये! हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कुणी मला कुठल्या महाराजांचा पत्ता द्यायला नको. आम्ही बौद्ध. कोल्हापूरजवळ उचगावला आमच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांचं कपाट आहे. लहानपणी मी चिंचेच्या झाडाला घाबरायचे, तर बाबा हात धरून मला त्याच झाडाखाली घेऊन गेले. "बघ, काय हाय हितं? चिंचा हायेत." खिसे भरून चिंचा घेऊन आम्ही घरी आलो. अशा माणसाच्या पोरीला भूत काय करणार?

तर, गोष्ट २००६ च्या आसपासची. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या ऑफिसात होते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ती ऑडिओ फाईल इकडे येते, आपण हेडफोन लावून टाईप करायची. नियम एकच — नीट ऐकू आलं नाही तर अंदाज ठोकायचा नाही, रिकामी जागा सोडायची. माझ्या फाईलमध्ये अशा तीन-चार जागा असायच्याच. काही डॉक्टर तोंडात घास घेऊनच बोलतात, त्याला मी काय करू?

लग्न झाल्यापासून माझा नवरा मिलिंद मालवणात नोकरीला आणि मी कोल्हापुरात. दर शनिवारी गगनबावड्याचा घाट उतरायचा आणि रविवारी पुन्हा चढायचा. शेवटी खूप मागे लागल्यावर सरांनी मला मालवणातून काम करायची परवानगी दिली. ऑफिसात अशी परवानगी मिळालेली मी पहिलीच. "पण फाईल तुम्हीच करायची. दुसऱ्याच्या हातात पेशंटची माहिती गेली की तुमचं तिथलं राहणं बंद," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे माझा संसार त्या एका अटीवर उभा होता म्हणा ना!

घरी नेट नव्हतं, त्यामुळे नेट कॅफे. स्टँडजवळच्या कॅफेत कॉलेजची पोरं चॅटिंग करत खिदळायची. बाजारातल्यात पर्यटक ओल्या कपड्यांनी, पायाला वाळू घेऊन फोटोंची सीडी करायला घुसायचे. तिसरा धक्क्याच्या वाटेवर, दाजींचा. दाजी म्हणजे साठीचे, शांत गृहस्थ. त्यांच्याकडचं कोपऱ्यातलं मशीन मी धरलं. तिथून समुद्र दिसायचा. लोकांना ऐकून हेवा वाटायचा, मला मात्र स्क्रीनवर उजेड येऊन काही दिसायचं नाही.

आता आपली कोल्हापूरची सवय. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली! मग भांडायला कुणीही येऊ दे. मीसुद्धा जेवायला घरी जाताना खुर्चीवर रुमाल टाकून जायचे. परत आले की रुमाल चार घड्या घालून टेबलावर ठेवलेला, आणि खुर्ची गरम! एकदा झालं, दोनदा झालं... मग माझं डोकं फिरलं. रुमाल दिसतो, त्याची घडीसुद्धा घालता, आणि तरी बसता? काही रीतभात?

मी दाजींना विचारलं, "माझ्या खुर्चीवर बसतं कोण?"

"कोणय नाय गे बाये," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "थंयसर जागेवालो आसा. कोणाक कायएक करणा नाय. एक नारळ ठेव, गाऱ्हाणां घालूया."

जागेवाला म्हणजे त्या जागेचा न दिसणारा राखणदार, असं तिकडे मानतात; नारळ ठेवून त्याला विनवायचं, ते गाऱ्हाणं. मी सांगितलं, नारळ ठेवायचा नाही. जे नाहीच, त्याच्यापुढे नारळ कशाला? दाजी वाईट वाटून न घेता हसले.

दुसऱ्या दिवशी जेवायला निघताना मला आदल्या दिवसाचा राग होताच. मी रुमाल टाकला आणि त्या रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं सुनावलं, "नुसतं बसून खुर्ची काय गरम करताय? बसायचंच असंल तर काम तरी करा की, पावणं!"

चेष्टा होती हो ती. आमच्याकडे आळशी माणसाला रोज कुणी ना कुणी असंच बोलतं, आणि तो काही उठून कामाला लागत नाही.

मी घरी पोचले न पोचले तोच सगळ्या मालवणची लाईट गेली. दाजींनी शटर ओढलं आणि तेही जेवायला गेले. सकाळी उतरवून घेतलेली फाईल मी अजून ऐकलीही नव्हती. ती पेनड्राईव्हवर, पेनड्राईव्ह पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर. कॅफेच्या मशीनवर पेशंटचं काही ठेवायचं नाही, हा माझा स्वतःचा कडक नियम.

मी न् मिलिंद वरण-भात खात होतो तेव्हा ऑफिसातून फोन आला. "फाईल मिळाली मॅडम. आज लवकर?"

मला वाटलं, दुसऱ्या कुणाची असेल. मी तशीच धावत गेले. लाईट अजून नव्हती. दाजींना घरून बोलावून शटर उघडायला लावलं. आत अंधार, मशीन बंद, रुमाल की-बोर्डवर घडी घालून. लाईट आल्यावर मी माझा मेल उघडला. पाठवलेल्यांत फाईल होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत टाईप केलेली, स्वल्पविरामाआधी एक स्पेस सोडायची माझी वाईट खोडसुद्धा तशीच. आणि तिच्यात एकही रिकामी जागा नव्हती.

सरांनी मला कोल्हापूरला बोलावून घेतलं. त्यांनी ऑडिओ पुन्हा ऐकला होता, आमच्या सगळ्यात जुन्या माणसालाही न कळलेले शब्द त्या फाईलमध्ये बरोबर होते. म्हणजे काम चांगलं झालं म्हणून मी चोर!

"कुणाकडून करून घेता? नाव सांगा," सर म्हणाले. "पहिली चूक म्हणून सोडून देतो. परत जा मालवणला."

बघा, किती सोपं होतं. मिलिंदच्या एखाद्या मित्राचं नाव सांगायचं, मान खाली घालायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची. पण जे केलं नाही ते केलं म्हणून कसं सांगू? मी घडलं तसं सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग चिडले. माझी परवानगी तिथेच रद्द झाली. मी पुन्हा राजारामपुरीत, मिलिंद मालवणात, आणि शनिवारचा घाट पुन्हा सुरू. आमच्या संसाराची पुढची दोन वर्षं अशीच गेली. सासरचे वर म्हणतात, एक नारळ ठेवला असतास तर? अहो, पण मी ठेवायचा कशाला? माझं काय चुकलं होतं?

त्या दिवशी ऑफिसातून मी सरळ उचगावला गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते नेहमीसारखे वायर, बॅटरी, व्हायरस, काहीतरी शोधून काढतील. त्यांनी खूप प्रश्न विचारले. पेनड्राईव्ह कुठं होता, शटरची किल्ली कुणाकडं, पासवर्ड कुणाला म्हाईत. मग चष्मा काढून ठेवला.

"तू खोटं बोलत न्हाईस, ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "आणि भूत नसतंय, तेबी मला ठावं हाय. आता ह्या दोन्हीचं काय करायचं, ते मला कळंना बघ."

इतकी वर्षं झाली, मलाही कळलेलं नाही. खूप जणांना विचारलं, कॉम्प्युटरवाल्यांनासुद्धा. एकाचंही उत्तर पटलं नाही. माझी दोन वर्षं गेली, ते एक वेळ मी सोडून देईन. पण ज्या माणसानं मला चिंचेखाली नेलं, त्याला त्या जागेवाल्यानं निरुत्तर केलं. त्याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही... तो आहे असं मी मानत नसले, तरीसुद्धा!