पूजेतली छिन्नी

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती जागची हलत नाहीत. हा सासूबाईंचा नियम, आणि सासूबाईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, पण त्याचा जीव सगळा पान्या-पकडींत. त्यामुळे पाटावर त्याचीच गर्दी: पाने, हातोडी, छिन्नी, करवत, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. कोपऱ्यात माझी विळी आणि कात्री. विळीही पुजली जाते म्हणून दसऱ्याची भाजी मला आदल्या दिवशीच चिरून ठेवावी लागते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी यावरून भांडले होते. हरले.

हा नियम सासूबाईंकडे आला तो त्यांच्या थोरल्या बहिणीकडून. थोरली सायखेड्यात दिलेली. आई गेल्यावर तिनंच धाकटीला आपल्या घरी नेलं आणि वाढवलं. तिथं एका दसऱ्याला धाकटीनं ऊस तोडायला पूजेतला विळा उचलला, तेव्हा ताईनं तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. वर्षभर राबतंय ते, एक दिवस तरी निजू दे त्याला, असं ताई म्हणाली होती. हे सांगताना सासूबाईंचा हात अजून पाठीकडे जातो.

दर दसऱ्याला त्या ताईला सोनं द्यायला सायखेड्याला जातात. यंदाचं जाणं मात्र नेहमीसारखं नव्हतं. या ताईची, म्हणजे आमच्या मावशींची, स्मरणशक्ती वर्षभरात विरत गेली होती. नागपंचमीला आम्ही गेलो, तेव्हा धाकट्या बहिणीकडे बघून त्यांनी अदबीनं विचारलं होतं, तुम्ही कोणाकडच्या पाव्हण्या? जिला त्या जन्मभर ‘बारके’ म्हणून हाक मारत आल्या, तिला ‘तुम्ही’. परतीच्या वाटेवर सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, की दसऱ्याला ओळखेल, सोनं हातात दिलं की ओळखेल.

आणि दसऱ्याच्या सकाळी गाडी जागची हलेना.

गणपतीपासून ती आमच्या पंचवटीतल्या सोसायटीच्या आवारात पावसात उभी होती, हँडब्रेक ओढलेला. आता ब्रेक सोडला तरी मागचं डावं चाक जाम. ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला आतून चिकटले असणार, असं नवऱ्यानं खाली वाकून जाहीर केलं. मी म्हटलं, दुसरी गाडी करू. पण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. आमच्या या उंच, डब्यासारख्या जुन्या गाडीची पुढची सीट सोडली तर त्यांना कुठेच धड बसता येत नाही. बसची पायरी तर दूरच. गॅरेजं सगळी बंद, त्यांच्याही दारात तोरणं.

जॅक, चाकाचा पाना आणि एक किरकोळ स्क्रू-ड्रायव्हर डिकीत होता. डिकीतलं सामान पूजेत नव्हतं, तेव्हा ते चालेल, असं वरून बाल्कनीतून सासूबाईंनीच सांगितलं. नवऱ्यानं बाकी चाकांना दगड लावले, गाडी उचलली, चाक काढलं. ड्रम दोन चौफुली स्क्रूंनी धरलेला. एक मुकाट्यानं निघाला. दुसरा निघेना. गंज सोडवायचा स्प्रे मारून झाला, जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरून झाला, तरी स्क्रू-ड्रायव्हर आपला घसरत होता आणि प्रत्येक घसरणीबरोबर स्क्रूच्या डोक्यावरची खाच आणखी झिजत होती. शेवटी तिथं नुसता गुळगुळीत खळगा उरला. मी वरवंटा आणून दिला, म्हटलं मागून ठोक. पहिल्याच ठोक्याला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ फुटली.

माझा स्वभाव तापट आहे, हे मला माहेरीही सांगत आणि सासरीही. मी त्या स्क्रूला, गाडीला, पावसाला आणि हँडब्रेक ओढणाऱ्याला यथेच्छ बोलून घेतलं. नवरा मांडी घालून ड्रमसमोर बसलेला, जणू समोर पंगत मांडली आहे. राग कसा तो नाही. मला आधी या शांतपणाचीच चीड येते आणि मग त्याचाच हेवा वाटतो. त्यानं मला हळू आवाजात सांगितलं, की आता छिन्नी आणि हातोडी लागेल, दुसरा उपाय नाही. आणि लगेच पुढे म्हणाला, की आईला हे सांगायचं नाही. सांगितलं तर तिला एक तरी मोडावं लागेल, नियम नाहीतर जाणं. संध्याकाळी बघू कुणी भेटतं का.

पण बाल्कनी पहिल्या मजल्यावरची, आणि खुबा बदलला तरी सासूबाईंचे कान जुनेच, शाबूत.

मी वर गेले तर त्या पाटासमोर उभ्या होत्या. त्यांना वाकता येत नाही. एका हातानं खुर्चीची पाठ धरून, पाय थोडा मागे सारून त्या इंच इंच खाली गेल्या. मी धावले, तर मला थांब अशी खूण केली. त्यांनी आधी पाटावर अक्षता वाहिल्या. मग छिन्नीवरचं फूल उचलून डोळ्यांना लावलं, बाजूला ठेवलं. मग हातोडीवरचं.

“आई, मी उचलते,” मी म्हटलं.

“तू नाही. त्यानंही नाही. मी हलवलं, असंच राहू दे.”

दोन्ही वस्तू त्यांनी पदरात घेतल्या, जिना उतरल्या आणि मुलाच्या हातात दिल्या. मी इतकी वर्षं त्यांच्याशी नियमांवरून वाद घातला, पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नियम पाळणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. तो मोडायचा भार असा स्वतःच्या अंगावर घेणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग नवऱ्याची पाळी. मला वाटलं, आता दणादण घाव घालेल. त्यानं आधी स्क्रूच्या डोक्यावर सरळ, दमदार ठोके दिले, आतला गंज फुटावा म्हणून. पुन्हा स्प्रे मारला आणि चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर छिन्नीची धार स्क्रूच्या कडेला टेकवली, एक खाच पाडली, मग छिन्नी तिरपी केली आणि स्क्रू ज्या दिशेनं सुटतो त्या दिशेला हलके हलके ठोकू लागला. ठोकायचं, थांबायचं, बोट लावून बघायचं. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हातोडीकडे बघत होत्या. बराच वेळ काही घडलं नाही. मग ठोक्याचा आवाज बदलला, आणि तो हट्टी स्क्रू तिळभर फिरला. पुढचं काम पकडीनं केलं असतं, पण पकड पाटावरच होती आणि ती मागायची नाही हे त्यानं मनाशी ठरवलेलं. तसाच छिन्नीनं ढकलत ढकलत त्यानं तो बाहेर काढला.

लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ड्रमला गोल ठोकल्यावर ड्रम सुटला. आत सगळा तांबडा भुगा. त्यानं पॉलिश-पेपरनं सगळं घासलं, जोडलं, ड्रमला एकच चांगला स्क्रू लावला. खरा भार चाकाचे नट घेतात, स्क्रू नुसता ड्रम जागेवर धरतो, हे मला समजावूनही सांगितलं. गल्लीत चार फेऱ्या मारून ब्रेक पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय त्यानं आईला गाडीत बसू दिलं नाही. छिन्नी आणि हातोडी पुसून सासूबाईंनी आपल्या हातानं पाटावर परत ठेवल्या, फुलांसकट.

माडसांगवी मागे पडल्यावर छाटलेल्या द्राक्षबागा लागल्या.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. सासूबाईंनी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली, नमस्कार केला. मावशींनी पानं घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाल्या, बसा. सासूबाई बसल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

नवरा सोनं द्यायला पुढे वाकला. साबणानं कितीही धुतले तरी त्याच्या नखांत आणि बोटांच्या पेरांत काळं वंगण तसंच होतं. मावशींनी त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

“हात काळं कशानं? आज हत्यार हलवलं का कुणी?”

सासूबाईच म्हणाल्या, “मी हलवलं, ताई.”

मावशींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ.

“तूच असणार. कितीदा सांगितलं बारके तुला, पूजेतलं हलवायचं नाय म्हणून. निजू दे ना त्याला एक दिस.”

आणि बसल्या जागेवरून त्यांनी सासूबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला. हातात जोर उरला नव्हता, पण धपाटाच होता तो. सासूबाई “चुकलं, ताई,” म्हणत हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मलाही आवरलं नाही.

थोड्या वेळानं मावशींनी पुन्हा ‘तुम्ही’ म्हणून चहाला विचारलं. सासूबाईंनी चहा घेतला. परतताना पुढच्या सीटवर त्या नीट टेकून बसल्या होत्या, एक हात मागे पाठीशी.

“लय रागावली मला,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं परत तेच म्हणाल्या.