सम्राटाचे फेफरे

रोममध्ये सम्राट कॅलिगुलाचा खून झाला आणि लगोलग त्याच्या पुतळ्यांची मुंडकी उडाली. काल त्याच्या नावाने धूप जाळणाऱ्या बायका आज हौदावर घागरी भरता भरता त्याचा उद्धार करू लागल्या. हेल्पिस मात्र गप्प असे. खरे तर त्याचा राग करायचा हक्क तिच्याइतका कुणाचाच नव्हता. तिचा नवरा राजवाड्यात माळी होता. नको तेव्हा हसला म्हणून सम्राटाने त्याला मारवले. तरीही ती राजवाड्यातली धुणी धूतच राहिली. जाणार कुठे?

सम्राटाच्या चादरी तिच्याकडे येत. कधी अंथरल्या तशाच, सुरकुतीही नाही, कारण त्याला झोपच लागत नसे. कधी उशीवर लाळ आणि जीभ चावल्याचे रक्त. ते डाग कसले, हे तिला कुणी सांगायला नको होते. तसलेच डाग ती घरी दार लावून आपल्या प्रिमिलाच्या उशीवरून काढत असे. पोरीचे फेफरे तिने गल्लीत कुणाला कळू दिले नव्हते. घरदेवांपुढे हात जोडून ती एकच मागायची, लग्नाआधी चारचौघांत काही होऊ नको दे. पावभट्टीवाल्या वेतुरियाच्या मुलाची साखरपुड्याची लोखंडी अंगठी प्रिमिलाच्या बोटात होती.

त्या दिवशी हौदावर वेतुरियाच सांगत होती, की कॅलिगुला जन्माचा वाईट नव्हता म्हणे. लहानपणापासून फेफरे यायचे, त्या रोगानेच त्याला रक्ताची चटक लावली. असली पोरे जन्मताच टाकून द्यावीत.

रोगाचे नाव निघताच तो आपल्या घरात शिरू नये म्हणून सगळ्याजणी थुंकल्या. रीतच ती. हेल्पिस थुंकली नाही. पोरीचे तोंड पुसता पुसता तिची ती सवय केव्हाच सुटली होती, आणि ते तिच्या ध्यानातही आले नाही. उलट ती बोलून गेली.

"फेफरं माणसाला खाली पाडतं, विहीणबाई. खाली पडलेला माणूस कुणाला मारायचा हुकूम देत नाही. माझ्या नवऱ्याला मारवलं तेव्हा सम्राट चांगला शुद्धीवर होता. जेवत होता."

वेतुरियाने घागर खाली ठेवली. "तुम्हाला त्या रोगाचा बराच पुळका दिसतो. आणि थुंकला नाहीत ते?"

हेल्पिस घाईने थुंकली. पण आता सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. कुणीतरी हळूच विचारले, पोरगी हल्ली पाण्याला का येत नाही?

संध्याकाळी भट्टीवरचा गडी अंगठी परत न्यायला आला. प्रिमिलाचे बोट सुजले होते, तेल लावून ती काढावी लागली. हौदावर काय झाले ते सांगून हेल्पिस तिची समजूत घालू लागली, दुसरे स्थळ बघू, तू काय कुणाचे वाईट केलेस, तो रोग वेगळा नि सम्राटाची करणी वेगळी.

"खरं आहे तुझं," प्रिमिला म्हणाली. "पण ते आता कोण ऐकणार? नुसतं थुंकायचं होतंस, आई. मला काही वाटलं नसतं."

तिने मसुरीची वाटी बाजूला सारली आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. हेल्पिस तेलाचा हात तसाच धरून बसून राहिली.