उधव्याच्या रानातली दोन मडकी

"उलटं! अरे, मडकं उलटं ठेवा, उलटं!"

नीलेश सर असे ओरडले की उधव्याच्या रानातली सागाची पानं गळायची थांबली. गुजरातची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. पलीकडच्या दोन-चार घरांतही बायकांनी घाबरून मडकी उलटी करून ठेवली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नीलेश सर दर थंडीत आमच्याकडची मुलं रानात नेतात. गाठी मारणं, वाट शोधणं, दोराला धरून ओढा ओलांडणं आणि शेवटी गटागटाने रांधणं, असा दिवसभराचा कार्यक्रम. माझी भाची चैत्राली, वय वर्षं अकरा, यंदा पहिल्यांदाच एका गटाची नायक झाली होती. जिंकणाऱ्या नायकाला पितळी ढाल वर्षभर घरी ठेवायला मिळते. त्या ढालीसाठी तिनं आदल्या दिवशीच बापाचा क्रिकेटचा कप टीव्हीवरून उचलून माळ्यावर टाकला होता. मुलांबरोबर एखादं मोठं माणूस हवं होतं. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना कामं होती, म्हणून मला पाठवलं.

सकाळी डहाणू रोडहून टेम्पोने निघालो. आशागड मागे पडेपर्यंत मुलांनी दुपारपर्यंतचा खाऊ संपवला. तलासरीला चहासाठी थांबलो, तर टपरीवरच्या काकांनी विचारलं, "केम भाई, एवढी पोरं कुठे?"

"जंगलात. जगायला शिकवायला."

"मंग तुम्ही?"

"मी शिकवणार," मी म्हटलं. तरुणपणी आमच्या वाडीत शिरलेल्या बिबट्याला मी चिकू खायची सवय कशी लावली, तेही सांगितलं. काकांनी शांतपणे गाळणी झटकली. "बिया काढून देत होता काय?"

उधव्याला उतरलो तेव्हा शेतं कापून मोकळी झाली होती. बांधावर ताडाची झाडं, मागे सागाचं रान आणि मध्ये एक ओढा. नीलेश सरांनी दोन झाडांना दोर बांधला. चैत्रालीचा गट खारींसारखा पलीकडे गेला. दुसऱ्या गटाचा नायक हेमंत, चिंचणीचा, अंगापेक्षा आवाज मोठा. त्याच्या गटाची कंदांची आणि वाटणाची पिशवी ओढ्यात पडली नि वाहून गेली. ती धरायला मी उडी मारली. लोक म्हणतात मी घसरलो. पाणी गुडघाभर होतं हेही लोकच म्हणतात. मला तरी तळ लागला नाही.

मग उकडहंडी. आमच्याकडे थंडीत घरोघर होते (मडक्यात भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला अंथरायचा, पापडीच्या शेंगा, रताळी, कोनफळ, बटाटे, ओल्या लसणाचं वाटण भरायचं, तोंड पाल्यानेच बुजवायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही). नियम दोनच. ज्याची हंडी चवीला चांगली, त्याला ढाल. आणि गटातल्या प्रत्येकाने आपल्याच हंडीतलं खायचं; एकही पत्रावळ रिकामी राहिली की गट बाद.

हेमंतकडे आता नुसती पापडी नि ओवा. चैत्रालीची हंडी मात्र भरगच्च. काही जण अंडीही घालतात, ती तेवढी तिनं घातली नव्हती. गटात डहाणूच्या कापडवाल्यांचा जिगर होता, जैन घरातला. त्याच्यासाठी तिनं मुद्दाम टाळली. जाळ पेटला. पाड्यावरची एक म्हातारी येऊन बघत उभी राहिली.

"पोरांना घरी जेवाया नाय भेटत काय?"

"भेटतं, आजी. पण इथे मार्क मिळतात," चैत्राली म्हणाली.

तेवढ्यात लाकडं गोळा करायला गेलेला जिगर मोळी घेऊन परतला नि त्यानं विचारलं, "आत काय काय टाकलं?"

चैत्रालीनं ऐटीत यादी म्हटली. "आणि अंडी नाहीत हं, तुझ्यासाठी."

"पण मी जमिनीतलं नाय खात. कंद नाय, लसूण पण नाय."

"मग आधी का नाही बोललास?"

"मी लाकडं आणत होतो. तूच पाठवलंस ना!"

हंडी जाळात, दुसरं मडकं नाही.

"एक शेंग तोंडात धर," गटातल्या तन्मयनं तोडगा काढला. "सर पुढे गेले की थुंक."

जिगर म्हणाला, "चालेल."

"नाय चालणार," चैत्राली म्हणाली, आणि तरातरा हेमंतकडे गेली. मीही मागोमाग, माझ्या वजनाने बोलणी सोपी होतात असा माझा अनुभव आहे.

"हेमंत, जिगरला तुमच्यातली पापडी दे."

"मग तुम्ही बाद. ढाल आमची."

"हंडी तर आमची चांगली आहे."

"मग खा की!"

ढाल आंब्याच्या फांदीला टांगलेली होती. चैत्राली तिच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मी हेमंतला बिबट्याची गोष्ट सांगायला घेतली, तर दोघंही एकदम म्हणाले, "मामा, थांबा हो!"

"घे ढाल," ती म्हणाली.

"आणि चार रताळी, घरी न्यायला."

"दोन."

"तीन."

ती सरांकडे गेली. "सर, आमचा गट बाद. जिगर त्यांच्यातलं खाणार." सरांनी मान डोलावली, का म्हणून विचारलं नाही, आणि वाढायला घ्या म्हणाले.

मडकी उघडली तेव्हा जो वास सुटला, त्यानं तलासरीपर्यंतची कुत्री जागी झाली. चैत्रालीच्या हंडीतलं कोनफळ असं की मी तीन पत्रावळी संपवल्या. जिगर मांडी घालून पापडी सोलत बसला होता. त्याच्या शेजारी बसून चैत्राली जेवली. काय जेवली तिलाच ठाऊक.

परत येताना हेमंत ढाल टेम्पोबाहेर धरून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना दाखवत होता. मी बराच हिंडलो आहे, खरा नि खोटा. पण इतकी गप्प बसलेली भाची कुठल्या प्रवासात पाहिली नव्हती. आशागडजवळ टेम्पो खड्ड्यात आपटला, तेव्हा तिनं जिगरला विचारलं, "कशी होती रे पापडी?"

जिगरनं थोडा विचार केला.

"मीठ कमी होतं."