आरशाशेजारची पत्रकं

देशाच्या पहिल्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराचं पत्रक मी लिहिलं आणि त्यावर निशाणी छापायलाच विसरलो.

धरणगावचा माझा न्हावी निरक्षर होता. तरी सगळ्यांची पत्रकं तो आरशाशेजारी चिकटवायचा आणि एकाचं पत्रक दुसऱ्याच्या माणसाकडून वाचून घ्यायचा. गळ्यावर वस्तरा असताना खोटं कोण वाचणार? माझं पत्रक त्यानं विरोधकाकडून दोनदा ऐकलं. त्यातलं गावाला विहीर देण्याचं आश्वासन त्याला पटलं.

"मत तुमलेच देसू," तो मला म्हणाला. मग कागद उलटसुलट करून त्यानं विचारलं, "पन पेटी कोनती?"

प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, हे मला ठाऊक होतं. "नाव ठळक छापलंय की," मी ऐटीत म्हणालो.

"पडदामांगे कोन वाची दी? पेटीवर चित्र राहस. भाऊ, तुमले लिखता येस, पन सांगता येत नही."