परवान्यापुरती उत्कर्षा

उत्कर्षाचं लग्न हुंड्याशिवाय झालं. तिचे वडील अजूनही ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांत मोठ्या अभिमानाने सांगतात. मुलाकडचे बघायला आले तेव्हा मानसिंगमामांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, सरळच सांगितलं होतं, "आमाला काय नको. पोरगी डी. फार्म झालेली पायजे, एवढंच." मुलीच्या शिक्षणाची कदर करणारं घर मिळालं म्हणून तिची आई देवापुढे साखर ठेवून रडली होती.

ती कदर कशासाठी होती, ते उत्कर्षाला सासरी आल्यावर कळलं. मानसिंग मूळचे केम गावचे. शेती भावावर सोपवून ते सोलापुरात आले आणि सात रस्त्याजवळ गाळा घेऊन त्यांनी मुलाला, दिग्विजयला, मेडिकलचं दुकान टाकून दिलं. दिग्विजय शिकलेला बी. कॉम. मेडिकलला परवाना लागतो आणि परवान्याला फार्मासिस्ट लागतो. बाहेरचा ठेवला तर त्याची मर्जी सांभाळा, तो सोडून गेला की दुसरा शोधा. सूनच फार्मासिस्ट असली की सगळी कटकट मिटली.

हातावरची मेंदी उतरायच्या आत परवान्याच्या कागदांवर तिच्या सह्या झाल्या. तिचं प्रमाणपत्र फोटोसकट काचेत बसवून दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली लागलं. उत्कर्षा स्वतः मात्र घरात. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आमची ओळख वाढली, आणि हे बहुतेक सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

तपासणीला औषध खात्याचे साहेब आले, किंवा येणार अशी कुणकुण लागली, की दिग्विजयचा फोन यायचा. "एप्रन घे, रिक्षा धर, लगेच ये." ती कणकेचे हात धुवायची, साडीवर पांढरा एप्रन चढवायची आणि पळायची. साहेब जाईपर्यंत काउंटरमागे उभी. ते गेले की परत घरी, राहिलेल्या चपात्या लाटायला.

एकदा तिने धीर करून विचारलं, "मामा, मी रोजच दुकानात बसले तर?"

"बस की," मानसिंग म्हणाले. "पर बाईमानूस समोर दिसलं की गडीमानसं काय मागायला लाजत्यात. गिऱ्हाईक तुटतंय."

सासू, सारजाबाई, आतून म्हणाल्या, "आन् हितलं कोन बघंल?"

विषय तिथेच संपला. अशी काही वर्षं गेली. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. घरात कुणासाठी गोळी आली की खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद उत्कर्षा काढून घ्यायची आणि भाजी शिजेपर्यंत वाचत उभी राहायची. "विसरायला होतंय हो काकू," ती मला म्हणायची. "परीक्षेत मला सगळं तोंडपाठ होतं."

मग दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते झालं. कुमार नावाचा एक माणूस आईच्या रक्तदाबाची गोळी न्यायला दुकानात आला. दिग्विजय फोनवर बोलत होता. दोन गोळ्यांच्या नावात एका अक्षराचा फरक, पाकिटाचा रंगही सारखाच. त्याने मधुमेहाची गोळी काढून दिली. कुमारच्या आईला, बनाबाईंना, मधुमेह नव्हताच. दोन-तीन दिवसांत म्हातारी न्हाणीघरात कोसळली. साखर पार खाली गेली होती. दवाखान्यात नेलं, ग्लुकोज लावलं, वाचली.

कुमार दोन माणसं घेऊन दुकानावर आला. गोळ्यांचं पाकीट काउंटरवर आपटून त्याने विचारलं, "फार्मासिस्ट कोन हाय तुमचा?"

दिग्विजयने फक्त भिंतीकडे पाहिलं. कुमारने काचेतलं नाव वाचलं आणि म्हणाला, "बोलवा या बाईला."

घरी नेहमीसारखाच फोन आला. एप्रन घे, ये. कशासाठी ते दिग्विजयने सांगितलं नाही. उत्कर्षाला वाटलं, साहेब आले असतील.

तिने डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, पाकीट पाहिलं. दोन्हींवरची नावं वेगळी होती.

"बाई, तुमी शिकलेल्या ना?" कुमार म्हणाला. "म्हातारं मानूस मेलं असतं की."

मी नाही दिली, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललं की पुढचं वाक्य यायचंच: मी इथे नसतेच. म्हणजे परवाना गेला, दुकान गेलं. आणि नाव देऊन घरी बसल्याबद्दल गुन्हेगार तीही ठरणारच. तिने दिग्विजयकडे बघितलं. तो पाठ करून खोकी लावत होता. आधीच लावलेली खोकी.

तिने हात जोडले. "चूक झाली, दादा."

"कुनाची?"

"माझी."

कुमारच्या डोळ्यांत पाणी होतं. तो बराच वेळ बोलला, आईबद्दल, रात्रभर दवाखान्यात काढल्याबद्दल, आणि ती ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, "बाईमानूस हाय म्हनून सोडतोय." पायरी उतरताना दिग्विजयला त्याने बजावलं, "शेट, बायकांच्या हातात असली कामं देत जाऊ नका."

दिग्विजय म्हणाला, "व्हय."

हा 'व्हय' सांगताना उत्कर्षाचा आवाज फुटला होता. बाकी सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी सांगितलं.

घरी मानसिंग म्हणाले, "निभावलंस पोरी." संध्याकाळी दिग्विजय तिला नवी पेठेत घेऊन गेला. गर्दीतून तो पुढे, ती मागे. दुकानदाराने पसरलेल्या साड्यांतली पहिलीच तिने उचलली. "अजून बघ की, घाई काय," तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. माफी मागण्यापेक्षा त्याला साडी सोपी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तिने सांगितलं, "आजपासून मी दुकानात बसणार. नाव माझं आहे, तर औषधही माझ्याच हातून जाईल."

या वेळी कुणी गिऱ्हाइकाच्या लाजेचं कारण काढलं नाही. भीती सगळ्यांनाच बसली होती. सारजाबाई एवढंच म्हणाल्या, "घरातलं उरकून जा."

तशी ती घरातलं उरकून जाऊ लागली. अंधारात उठायचं, भाकऱ्या, भाजी, मुलीचा डबा, धुणं, आणि मग दुकान. दुपारी येऊन वाढायचं, भांडी आवरायची, पुन्हा दुकान. गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट वाढलं. बायका यायला लागल्या. आजवर पुरुषासमोर कसं मागावं म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका काउंटरवर वाकून हळूच विचारायच्या. कुणाला अंगावरून जायचं, कुणाला मूल नको असायचं, कुणाला घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची असायची. अशा एकीला तिने विचारलं, "दर सणाला घेताय का या गोळ्या?" ती बाई म्हणाली, "दर सणाला कुठं? ज्या सणाला सासू असती त्या सणाला."

ती बसते म्हणून दिग्विजय मोकळा झाला. तो मित्रांकडे जायला लागला, केमच्या शेताकडे चकरा मारायला लागला. गल्ल्याची किल्ली मात्र त्याच्याच खिशात. आणि मानसिंग आल्यागेल्याला सांगायचे, "आमी सुनंला लई मोकळीक दिलीय."

गेल्या हिवाळ्यात तिची वर्गमैत्रीण अंकिता दुकानात आली. एका मोठ्या रुग्णालयात ती औषध विभाग सांभाळते. तिच्या हाताखाली जागा होती. "तू ये," अंकिता म्हणाली. "तुला डोकं आहे. इथे खोकी मोजत बसू नकोस."

उत्कर्षाने रात्रभर विचार केला नाही. तिने तिथल्या तिथे हो म्हटलं. नंतर लक्षात आलं. दुसरीकडे लागायचं तर इथल्या परवान्यावरून नाव काढावं लागतं.

दुपारी जेवताना तिने विषय काढला. दिग्विजयने घास खाली ठेवला.

"मग दुकान कुणाच्या नावावर चालवायचं?"

"दुसरा फार्मासिस्ट ठेवा."

"त्याला पगार द्यावा लागतो, उत्कर्षा."

"आणि मला?"

तो खरोखर गोंधळला. रागावला नाही. "तुला कसला पगार? तू घरची आहेस ना."

मानसिंग म्हणाले, "दुकान तुजंच हाय की, पोरी. आपलंच दुकान आपन बंद पाडतो व्हय?"

तिने आईला फोन केला. आई म्हणाली, एक पैसा न घेता करून घेतलं त्यांनी तुला, विसरू नकोस. वडिलांनी फोन घेतलाच नाही.

मला ती गच्चीवर म्हणाली, "काकू, मारत असते, कोंडून ठेवत असते तर मला निघता आलं असतं. हे सगळे चांगले आहेत. मी नाव काढलं तर दुकानाला कुलूप लागेल आणि ते लावणारी मी असेन." ओला टॉवेल तिच्या हातात तसाच होता. मी तो घेऊन दोरीवर टाकला. मीही याच शहरात संसार केलाय.

तिने अंकिताला नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी सासू-सून स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"बरं केलंस," सारजाबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी दोन-चार काड्या मोडल्या. मग दाराकडे एकदा बघून त्यांनी हळूच विचारलं, "तितं जायायला गाडी व्हती का गं?"

"होती, आत्या. दवाखान्याची बस येते."

"बायाबी असत्यात बसमदी?"

"असतात की. बऱ्याच असतात."

सारजाबाईंनी मान हलवली आणि निवडलेली भाजी तिच्याकडे सरकवली. उत्कर्षाने ती धुतली, फोडणी दिली, चार ताटं वाढली. मग एप्रन घेऊन ती दुकानाकडे निघाली.